नऊ महिने सपोर्ट सेंटर वापरून: लेकीची दुभाषीगिरी सुटली

परदेशात आलो तेव्हा मला इथली भाषा शून्य, नवऱ्याला ऑफिसपुरती, आणि लेक ९ वर्षांची. ती शाळेत जाऊन भराभर बोलायला शिकली आणि बघता बघता घरची दुभाषी होऊन बसली. डॉक्टरकडे तीच, बँकेचं पत्र आलं की तीच, आणि कहर म्हणजे पालकसभेलाही तीच. तिच्या बाई चांगल्या दोन मिनिटं गंभीर चेहऱ्याने बोलल्या आणि हिने मला काय सांगावं, "आई, त्या म्हणतायत छान चाललंय." मीपण हसून मान डोलावून थँक्यू म्हणून आले, वेडी कुठली!

अल्पसंख्याक समाजातल्या मुलांसाठी, कुटुंबांसाठी सपोर्ट सेंटर असतं तिथे शेजारणीने अक्षरशः ओढत नेलं. मला वाटलेलं जुने कपडे, खेळणी वाटत असतील, आपल्याला काय करायचंय. तिथल्या केसवर्कर, म्हणजे आमच्या कुटुंबाची मदत बघणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं शाळेत भाषांतर कोण करतं, मी कौतुकाने लेकीचं नाव सांगितलं, तर म्हणाल्या हे आधी थांबवूया, मुलाने स्वतःचीच तक्रार आईला सांगायची हे बरोबर नाही.

शाळेतल्या पुढच्या मीटिंगला इंटरप्रिटर, म्हणजे बाहेरचा दुभाषी आला. थोडा मागे, बाजूला बसला, मला म्हणाला माझ्याकडे नाही, बाईंकडे बघून बोला. आणि "त्या म्हणतात की" वगैरे नाही, थेट "मला काळजी वाटते" असंच बोलायचा, पहिली पाच मिनिटं मी गोंधळलेच. तेव्हा कळलं की लेक वर्गात तोंडच उघडत नाही, मैदानावर मात्र पोपटासारखी बोलते. केसवर्करने समजावलं की खेळायची, भांडायची भाषा दोनेक वर्षांत येते पण धड्यातली भाषा पक्की व्हायला ५ ते ७ वर्षंही लागतात, जिम कमिन्स म्हणून कॅनडातले संशोधक आहेत त्यांनी हा फरक १९७९ मध्येच मांडलाय म्हणे. म्हणजे पोरगी ढ नव्हती आणि आळशीपण नव्हती.

शाळेतून आधी सल्ला मिळालेला की घरी इथलीच भाषा बोला. आम्ही तीन महिने तोडकंमोडकं बोलत बसलो आणि घर नुसतं गप्प झालं, मला धड रागवताही येईना. सेंटरवाल्यांनी सांगितलं मराठी अजिबात सोडू नका, आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं ३० वं कलम दाखवलं, अल्पसंख्याक मुलाला त्याची भाषा वापरायचा हक्क नाकारता येत नाही असं त्यात चक्क लिहिलंय.

आता तक्रारी. मराठी इंटरप्रिटर मिळेल तर शपथ, येतो तो हिंदीचा. एकदा मला सांगायचं होतं की ती पटकन हिरमुसते, हिंदीत शब्द सुचेना म्हणून "बहुत उदास हो जाती है" म्हणलं, झालं, बाईंनी लगेच काउन्सेलरचा विषय काढला, ते निस्तरण्यात अर्धी मीटिंग गेली. शिवाय आपल्याच ओळखीतलं कुणी इंटरप्रिटर म्हणून आलं तर घरचं बोलायला जीभ रेटत नाही, गुप्तता पाळतात हो, पण समाज एवढासा. अशा वेळी फोनवरचा इंटरप्रिटर मागा, नाव सांगावं लागत नाही, हे मला सहाव्या महिन्यात कळलं, कुणी आपणहून सांगत नाही. होमवर्क क्लबचे व्हॉलंटियर सारखे बदलतात, पोरगी एकाशी जरा मोकळी झाली की तो गायब.

तरी मी जाणं सोडणार नाही. परवा दारात एक सरकारी पत्र पडलेलं, लेकीने उचललं, आधी तिथेच फोडून वाचायला लागायची, या वेळी नुसतं माझ्या हातात दिलं, "तुझं आहे" म्हणाली आणि खेळायला पळाली.