जुन्या लिथियम सेलवर नऊ महिने

वापरलेल्या १८ लिथियम सेलपैकी १६ सेल जोडून बॅटरी बांधली, त्याला आता नऊ महिने झाले. घरात विजेची लाइन नाही. छतावर १६०० वॅटचे पॅनेल, एक एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा), ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर आणि ही बॅटरी, एवढ्यावर फ्रिज, पंखे, दिवे, राउटर आणि पाण्याचा पंप चालतो. पहिल्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक केलं असतं, आणि पाचव्या महिन्यात बसलो असतो तर या वाटेला जाऊ नका म्हटलं असतं. थांबलो ते बरं झालं.

सेल एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे, मूळ क्षमता १०० एएच (अँपिअर-तास), गाड्यांमधून निघालेले. क्षमता मूळच्या साधारण ८० टक्क्यांवर आली की गाडीसाठी बॅटरी संपली असं धरतात, कारण गाडीला अंतर कापायचं असतं आणि चढावर एकदम जोर लागतो. घराचं तसं नाही. माझ्याकडे रात्रभर ५-६ अँपिअर खेचले जातात, बस. त्या कामाला हे सेल अजून पुष्कळ तगडे आहेत.

घेताना रसायन कोणतं ते नक्की करून घ्या. एलएफपी पूर्ण भरतो ३.६५ व्होल्टला, एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टचा सेल, ४.२ व्होल्टला. बाहेरून डबा सारखाच दिसतो, पण एलएफपीला एनएमसीचं सेटिंग लावलं तर तो ओव्हरचार्ज होऊन फुगतो. आणि नवीन दिसणाऱ्या वेष्टनावर जाऊ नका. माझ्या १८ पैकी दोन सेलवर निळं प्लास्टिक अगदी कोरं होतं. एकाचं ब्लेडने कापून पाहिलं तर आत जुनं वेष्टन, त्यावरचा क्यूआर कोड खरवडलेला, आणि डब्याची बाजू बोटाला जाणवेल इतकी बाहेर आलेली. विकणाऱ्याने ‘सगळे एकाच गाडीतले’ असं सांगितलं होतं. ते दोन्ही सेल मी बॅटरीत घेणारच नव्हतो, पण तरी मोजले. एक ७४ एएच निघाला, दुसरा ६८.

या मोजणीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण जुन्या बॅटरीचं सगळं भवितव्य इथेच ठरतं. प्रत्येक सेल ३.६५ पर्यंत भरायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग इलेक्ट्रॉनिक लोडवर (ठरवलेला करंट खेचणाऱ्या यंत्रावर) २० अँपिअरने २.५ व्होल्टपर्यंत उतरवायचा आणि किती एएच निघाले ते लिहून ठेवायचं. उतरवायला चार-साडेचार तास, भरायला नऊ तास. १८ सेलना तीन आठवडे लागले. घरचे वैतागले, कारण ओटीवरचं टेबल तेवढे दिवस माझ्याच ताब्यात होतं. चार तारांच्या मिलीओहम मीटरने अंतर्गत रोधही मोजला. बहुतेक सेल ०.५ ते ०.७ मिलीओहम, आणि तो फुगलेला १.४. मग सगळे सेल अर्धवट भरून दोन आठवडे बाजूला ठेवले आणि त्यांचा व्होल्टेज टिकतो का पाहिलं. या शेवटच्या पायरीत मी घाई केली. निदान महिनाभर थांबायला हवं होतं. का, ते पुढे येईल.

निवडलेले १६ सेल ८१ ते ९० एएचच्या दरम्यान होते. सिरीजमध्ये सगळ्यांतून तोच करंट वाहतो, त्यामुळे ८१ वाला रिकामा झाला की बॅटरी संपली, बाकीच्यांत कितीही शिल्लक असो. म्हणजे माझी बॅटरी ८१ एएचची, सुमारे ४.१ युनिटची. वरचे-खालचे दहा-दहा टक्के सोडले तर रोज ३.३ युनिट हाताशी. रात्रीचा खर्च २.२ युनिटच्या आसपास आहे, त्यामुळे पुरतं. सरासरी काढून ८५ एएच धरलं असतं तर पहिल्याच ढगाळ आठवड्यात अंधारात बसावं लागलं असतं.

जोडण्याआधी सगळे सेल पॅरलल करून ३.६५ व्होल्टवर धरले, करंट जवळपास शून्यावर येईपर्यंत. यालाच टॉप बॅलन्सिंग म्हणतात आणि ते टाळून चालत नाही. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात इतका सपाट असतो की दोन सेल ३.३० दाखवत असले तरी एक अर्धा भरलेला आणि दुसरा बराच जास्त भरलेला असू शकतो. मीटरवर आकडा जुळला म्हणजे सेल जुळले, असा समज करून घेऊ नका. फरक टोकाला गेल्यावरच दिसतो.

आता वायरिंग. मला सगळ्यात जास्त त्रास कुठे झाला तर तो एका नटामुळे. दुसऱ्या महिन्यात बीएमएसच्या, म्हणजे प्रत्येक सेलवर नजर ठेवून गरज पडली तर बॅटरी तोडणाऱ्या सर्किटच्या, ॲपमध्ये ७ नंबरचा सेल विचित्र वागू लागला. पंप चालू केला की तो बाकीच्यांपेक्षा ४० मिलीव्होल्ट खाली जायचा, दुपारी चार्जिंग जोरात असलं की तितकाच वर. पंप बंद केला की पुन्हा सगळ्यांच्या ओळीत. सेल गेला असं मी धरूनच चाललो आणि बदलायची तयारीही केली. पण बदलण्याआधी मल्टिमीटरच्या दोन्ही टोकांनी थेट सेलच्या टर्मिनलवर मोजलं, तर सेल ठणठणीत. मग एक टोक टर्मिनलवर आणि दुसरं त्याच टर्मिनलवरच्या बसबारवर, म्हणजे दोन सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर, ठेवलं. ३० अँपिअर वाहत असताना तिथेच ४० मिलीव्होल्ट सापडले. बाकीच्या जागी अर्धा मिलीव्होल्टही नव्हता. नट काढला, बसबार उचलला, तर टर्मिनलच्या ॲल्युमिनियमवर राखाडी थर. बीएमएसची तार बसबारवर होती, त्यामुळे सांध्यातली व्होल्टेजची घट सेलच्या नावावर मांडली जात होती. बारीक पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग घासले, ऑक्साइड रोखणारं ग्रीस अगदी पातळ लावलं, सेलसाठी सांगितलेल्या टॉर्कइतकाच नट आवळला. ४० मिलीव्होल्टचा अर्धा मिलीव्होल्ट झाला आणि ७ नंबर तेव्हापासून शहाण्यासारखा वागतोय.

हिशेब करून पाहा. ३० अँपिअरला ४० मिलीव्होल्ट म्हणजे त्या सांध्यात १.२ वॅट उष्णता. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट, म्हणजे जवळपास ५ वॅट, तीही एका नटाखाली. म्हणून हल्ली महिन्यातून एकदा लोड चालू ठेवून सगळे सांधे मिलीव्होल्टवर तपासतो. १५ मिनिटांचं काम आहे.

फ्यूजबद्दल मात्र तडजोड करू नका, हे कळकळीने सांगतोय. १६ सेलचे ०.५ मिलीओहम धरले तर ८ होतात, बसबार-वायर मिळून १०. शॉर्ट झाला तर क्षणात ५,००० अँपिअर वाहू शकतात. गाडीत वापरतात ते पट्टीचे फ्यूज बहुधा ३२ व्होल्टसाठी असतात, आणि ही बॅटरी भरल्यावर ५५ च्या पुढे जाते. घरच्या बोर्डात असतो तो एसीचा एमसीबी (छोटा ब्रेकर) इथे कामाचा नाही, कारण एसीचा करंट दर सेकंदाला अनेकदा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते. डीसीला शून्यच नाही, ठिणगी जळत राहते. मी पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरावर क्लास टी फ्यूज (डीसीचा असा प्रचंड करंटही तोडू शकणारा) बसवलाय, आणि वेगळा करायला डीसीसाठीच बनवलेला ब्रेकर. पान्याला मुठीपर्यंत इन्सुलेशन टेप आहे. हातातली अंगठी आणि घड्याळ काढल्याशिवाय झाकण उघडत नाही. सेलचे डबे धातूचे असतात, त्यामुळे प्रत्येक दोघांमध्ये ग्लास इपॉक्सीची शीट घातलीये. नुसत्या निळ्या प्लास्टिकवर विसंबलो नाही.

इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडला तेव्हा फट्‌कन आवाज झाला, लगवर काळा डाग पडला आणि बीएमएसने शॉर्ट समजून लाइन तोडली. इन्व्हर्टरच्या आतले रिकामे कपॅसिटर एकदम भरायला धावतात, म्हणून असं होतं. तेव्हापासून आधी ५० ओहमच्या जाड रेझिस्टरमधून काही सेकंद भरून घेतो, मग ब्रेकर लावतो.

सेटिंगमध्ये चार्जिंग ५५.२ व्होल्टला थांबवतो, म्हणजे सेलमागे ३.४५. फ्लोट, म्हणजे भरून झाल्यावर ज्या व्होल्टेजवर धरून ठेवतो तो, ५३.६. कागदावर ३.६५ चालतं, पण ३.४५ नंतर उरलेली क्षमता नगण्य असते आणि तिच्यासाठी जुन्या सेलला ताणण्यात मला अर्थ वाटत नाही. बीएमएसची ३.६५ ची मर्यादा तशीच ठेवलीये, पण तिथपर्यंत कधी जायचंच नाही अशा बेताने. भर दुपारी बीएमएसने अचानक तोडलं तर चार्ज कंट्रोलरला समोर बॅटरीच उरत नाही, आणि व्होल्टेज उसळून तो किंवा इन्व्हर्टर जायची भीती असते. बॅटरी किती टक्के भरलीये ते कळावं म्हणून शंट, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा तुकडा, लावलाय. तोही हळूहळू चुकतो, म्हणून आठवड्यातून एकदा तरी बॅटरी पूर्ण भरू देतो. तापमान शून्याखाली जात असेल तर तेव्हा चार्जिंग बंदच हवं, आतमध्ये लिथियम धातूचा थर बसतो.

पाचव्या महिन्यात ११ नंबर बिघडला, आणि हा दोष खरोखर सेलचाच होता. तो बाकीच्यांपेक्षा महिन्याला साधारण २ एएच जास्त गमवत होता, स्वतःच्या आतच. माझ्या बीएमएसचं बॅलन्सिंग १०० मिलीअँपिअरचं आहे. पुढे गेलेल्या सेलमधले २ एएच जाळायला त्याला २० तास लागतात, आणि ते काम फक्त सेल ३.४० च्या वर असतानाच चालतं, म्हणजे उन्हाच्या दिवशी जेमतेम तासभर. ऊन असलेल्या महिन्यात कसंबसं जमायचं. मग ढगाळ दहा दिवस आले, बॅटरी एकदाही पूर्ण भरली नाही, आणि एका पहाटे ११ नंबर २.५ ला टेकून सगळं बंद. बाकी १५ सेलमध्ये चार्ज शिल्लक होता. महिनाभर बाजूला ठेवून पाहिलं असतं तर हे आधीच कळलं असतं.

दोन अँपिअरचा ॲक्टिव्ह बॅलन्सर (भरलेल्या सेलमधला चार्ज रिकाम्या सेलमध्ये नेणारा) लावून हे झाकता आलं असतं. मी लावला नाही. स्वतःहून रिकामा होणारा सेल पुढे आणखी वाईट होण्याची शक्यता असते, आणि बॅलन्सर असला की ते दिसत नाही. राखीव दोघांपैकी ६८ वाला फुगलेला, म्हणून बादच. ७४ चा बसवला असता तर सगळी बॅटरी ७४ वर आली असती. शेवटी दुसरीकडून एक मोजलेला ८४ चा सेल आणला, त्याला इतरांइतका भरला आणि बसवला. जास्तीचे चार सेल घ्यायला हवे होते.

गेल्या आठवड्यात पूर्ण बॅटरी एकदा उतरवून मोजली. ७९ एएच भरली. भर दुपारी १.५ किलोवॅट खेचतानाही कुठलाच सेल बाकीच्यांपासून १५ मिलीव्होल्टपेक्षा लांब जात नाही. बॅटरी झोपायच्या खोलीत नाही. बाहेरच्या सावलीतल्या पत्र्याच्या कपाटात आहे, वर-खाली हवेला वाट ठेवून. एलएफपी सहजासहजी पेट घेत नाही, पण सेल फुटलाच तर निघणारा वायू ज्वालाग्राही असतो.

दुसरी बॅटरी बांधायला घेतलीये. तिला स्वतःचा बीएमएस आणि स्वतःचा फ्यूज असेल, दोन्हींच्या वायर एकाच लांबीच्या कापल्यात, आणि पॅरलल करताना दोन्ही पूर्ण भरूनच जोडणार. या वेळी २० सेल आणलेत आणि मोजून झाल्यावर महिनाभर त्यांना हात लावणार नाही. ११ मोजून झाले. बारावा आत्ता लोडवर आहे, ३.२१ व्होल्ट दाखवतोय.