कुडाळची पावती, ऑनलाइनची पिशवी: दोन हार्ड डिस्कचे दहा महिने

ऐन पावसाळ्यात डिस्क गेली, म्हणून हे लिहायला बसलोय. हा अनुभव मी जानेवारीतच लिहिणार होतो. तेव्हा लिहिला असता तर ‘ऑनलाइनच घ्या, दुकानदाराला हजार रुपये जास्तीचे कशाला’ एवढंच सांगितलं असतं. राहून गेलं ते बरं झालं.

मी वेंगुर्ल्यात राहतो. लग्नाच्या ऑर्डरी असतात, पण जीव अडकलाय तो दशावतारात. त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की आठवड्याला एक-दोन नाटकं तरी शूट करतो. नाटक उभं राहायला मध्यरात्र होते, संपायला पहाट. 4के, 100 एमबीपीएस, म्हणजे तासाला 45 जीबी. पाच तासांचं नाटक सव्वादोनशे जीबीला जातं. 4 टीबीच्या डिस्कमध्ये अशी सतरा नाटकं बसतात, बस्स. एवढं सगळं एसएसडीवर ठेवणं मला परवडत नाही, म्हणून साडेतीन इंची साधी डिस्क.

ऑक्टोबर 2024 मध्ये दिवाळीच्या सेलमध्ये पहिली घेतली, 8,349 रुपयांना. जत्रा सुरू झाल्यावर ती भराभर भरायला लागली, तेव्हा डिसेंबरात घाईघाईत कुडाळच्या दुकानातून दुसरी आणली, 9,500 ला. कंपनी तीच, मॉडेल तेच, वॉरंटी दोन्हींवर दोन वर्षं. 1,151 रुपयांचा फरक मला तेव्हा फार लागला होता. एका रात्रीच्या शूटिंगला कधी कधी तेवढेही सुटत नाहीत.

ऑनलाइनची डिस्क आली ती प्लास्टिकच्या पिशवीतून. खोका नाही, आत बबल रॅपचा एकच वेढा, त्याच्या आत चंदेरी पाकीट. कुरिअरवाल्याच्या गाडीच्या डिकीतून ती पिशवी बाहेर आली तेव्हाच मन खट्टू झालं होतं. पण जोडल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चाललेले तास शून्य. रात्रभर पूर्ण पृष्ठभागाची तपासणी लावली, सकाळी सगळं हिरवं. मी खूश. त्यानंतर काही महिन्यांनी, 2025 च्या सुरुवातीला, वापरलेल्या सर्व्हर डिस्क नव्या म्हणून युरोपात विकल्याचं उघड झालं. त्या डिस्कवरही नेहमीच्या नोंदीत तास शून्यच दिसत होते, खरे तास आतल्या दुसऱ्या नोंदीत सापडले. माझी तशी होती असं मी म्हणत नाही. पण ‘शून्य तास’ पाहून मी निश्चिंत झालो आणि त्या नादात एक गोष्ट बघितलीच नाही. तिच्याकडे येतोच.

वेगाबद्दल थोडक्यात. दोन्ही डिस्क एसएमआर निघाल्या, म्हणजे जागा वाचवायला नोंदीच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या. सुरुवातीला सेकंदाला 170-180 एमबीने लिहितात आणि नाटक अर्धं उतरलं की तीस-चाळीसवर येऊन बसतात. हा दोष विकणाऱ्याचा नाही, मॉडेलचाच आहे. कंपनीच्या तक्त्यात लिहिलेलं असतं, मी वाचलं नव्हतं. पिशवीतली असो की खोक्यातली, यात दोघी सारख्याच.

जुलैत ऑनलाइनची डिस्क अडकायला लागली. फाइल उघडली की संगणक अर्धा मिनिट गप्प, मग चालू. मी लगेच पिशवीवर खापर फोडलं आणि विक्रेत्याला तसं कळवलंही. मग क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये नीट बघितलं तर सी7 या नोंदीचा आकडा रोज वाढत होता. सी7 म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या दळणवळणातल्या चुका, आणि त्यात बहुतेक वेळा दोषी असते ती केबल. साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी) काढून टोकाशी बॅटरी धरली. सोनेरी पट्ट्यांवर धुरकट, हिरवट साय धरलेली. समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर घर, खिडक्या उघड्या, पावसाळ्यात घरातलं मीठसुद्धा पाणी सोडतं, तिथे तांब्या-पितळेचं काय राहणार! नवी केबल ऐंशी रुपयांची. लावली आणि सी7 जागच्या जागी थांबला. विक्रेत्याला मी विनाकारण दोष दिला होता, ते मागे घेतो.

पण आठच दिवसांत सी5 मध्ये 8 दिसले. हे केबलचं नाही. वाचता न येणारे, निर्णयाची वाट बघत थांबलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे कप्पे. आठाने वाढतात, कारण आतला एक मोठा सेक्टर म्हणजे बाहेरून मोजलेले आठ. मग 16, मग 40. सोळावर होते तेव्हाच डिस्क पिशवीत घालून पहिल्या एसटीने कुडाळ गाठलं.

दुकानातल्या काकांनी लेबल बघितलं. “ही आमच्याकडची न्हय,” म्हणाले. मी मान खाली घातली. मग तेच म्हणाले, “ठेवा हंय, बघतंय.” स्वतःच्या मशीनला लावली आणि पहिलं वाक्य हे सांगितलं: “आधी कॉपी करून घेवा. स्कॅन-बिन मागसून.” हे वाक्य लक्षात ठेवा. मी घरी चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधली डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय, लावायच्या बेतात होतो. जाणाऱ्या डिस्कवर तपासणी लावली की उरलेला जीव तपासणीतच जातो आणि फाइलीही विस्कटतात. दोन दिवस डिस्क तिथेच राहिली. तेरापैकी बारा नाटकं पूर्ण उतरली. तेराव्याची शेवटची वीस मिनिटं नाही आली. सी5 चाळीसवर गेला तो तिथेच.

ती वीस मिनिटं पहाटेची होती. पेटीमास्तर रात्रभर वाजवून दमलेले, तरी शेवटच्या युद्धाला पखवाजाबरोबर त्यांचा हात असा काही चढला होता की मी कॅमेरा पात्रांवरून काढून त्यांच्यावर नेला होता. ते आता माझ्याकडे नाही. दोन डिस्क असूनही प्रत एकच होती, कारण जागा वाचवायला मी नाटकं दोघींत वाटून ठेवली होती. ही चूक माझीच, विकत कुठून घेतली याचा तिच्याशी संबंध नाही.

आता वॉरंटी. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकला. उत्तर आलं: ही डिस्क संगणक बनवणाऱ्याला दिलेल्या मालातली आहे, वॉरंटीसाठी त्यालाच विचारा. म्हणजे सुटी विकायची नव्हतीच ती. डिस्क नवी असेल, शून्य तासांची असेल, पण माझ्या नावावर तिला वॉरंटी नाही. विक्रेत्याचं म्हणणं, बदली फक्त दहा दिवसांत, पुढचं कंपनी बघेल. मी म्हटलं, पानावर दोन वर्षं लिहिलं होतं. त्यावर बिल मागितलं. बिल पाठवलं तर त्यावर सीरियल नंबरच नाही, त्यामुळे ‘हीच डिस्क आमच्याकडून गेली हे कशावरून?’ शिवाय वेंगुर्ल्याच्या पिनकोडवर परतीचं पिकअप नाही, पाठवायचीच तर स्वखर्चाने, आणि मिळेलच असं काही नाही. तीन आठवडे मेल केले, शेवटी सोडून दिलं. त्या दहा दिवसांत साइटवर नंबर टाकून बघायला दोन मिनिटं लागली असती. मी रात्रभर पृष्ठभाग तपासला आणि ही दोन मिनिटं नाही दिली.

रागाच्या भरात कुडाळच्या डिस्कचाही नंबर टाकला आणि उडालोच. डिसेंबर 2026 पर्यंत असायला हवी ती वॉरंटी फेब्रुवारी 2026 ला संपत होती. म्हणजे दहा महिने डिस्क दुकानाच्या फळीवरच पडून होती आणि घड्याळ तेव्हापासून चालू! त्या दिवशी माझं मत पुन्हा पालटलं. जास्तीचे 1,151 रुपये देऊन मी जुना माल घेतला होता. फोनवर काकांशी मी चढ्या आवाजात बोललो.

ते म्हणाले, पावती घेऊन या.

माझी पावती म्हणजे गुलाबी कागद, निळ्या बॉलपेनचं अक्षर, मॉडेल, किंमत, जीएसटी, आणि खालच्या ओळीत पूर्ण सीरियल नंबर. घेताना त्यांनी डिस्क पाकिटातून न काढता, चष्मा कपाळावर चढवून एकेक अक्षर वाचून लिहिला होता. गर्दी होती, मला एसटी गाठायची होती, मी मनात चरफडत होतो. त्यांच्याकडे पुस्तकात त्याचीच कार्बन प्रत. दोन्हींचे फोटो त्यांनी कंपनीच्या साइटवर खरेदीचा पुरावा म्हणून चढवले. आठव्या दिवशी तारीख बदलून डिसेंबर 2026 झाली. माझ्याच्याने हे झालं नसतं, कुठे चढवायचं हेसुद्धा मला माहीत नव्हतं. जुना माल होता हे त्यांनी कबूल केलं. लेबलवर बनवल्याची तारीख असते, ती मीही बघायला हवी होती.

ऑनलाइनला सरसकट वाईट म्हणणार नाही. केबल, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड रीडर मी अजूनही तिथूनच घेतो. ज्यांच्या घरचा कोणी मुंबईला आहे त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून मागवावी, गणपतीला येताना चाकरमानी घेऊन येतो. पण तिथेही नंबर घातलेलं बिल मागा, आणि पार्सल सामानाच्या तळाशी नको, हातातल्या पिशवीत असू दे म्हणावं.

तिसरी डिस्क गेल्या आठवड्यात घेतली, कुडाळहूनच. या वेळी सीएमआर, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवणारी, हवी असं आधी सांगितलं. त्यांच्याकडे नव्हती, तीन दिवसांत कोल्हापूरहून मागवून दिली. महाग पडली, आणि मी घासाघीस केली तरी दोनशेच सुटले. लेबलवरची तारीख बघितली, दुकानातच मोबाइलवर नंबर टाकला, वॉरंटी दाखवली, मग पैसे दिले. पावती होईपर्यंत थांबलो, एसटी चुकली तरी.

आता कुडाळच्या पहिल्या डिस्कवरची नाटकं हिच्यावर दुसरी प्रत म्हणून उतरवतोय. एक नाटक 25 मिनिटांत होतं, वेग कुठे पडत नाही. हे लिहीपर्यंत अकरा झाली, तीन राहिलीत. पाऊस आहे, वीज जाते-येते, म्हणून यूपीएसची बॅटरी भरली की एक नाटक लावतो, ते झालं की पुढचं.