अलिबागला एका दिवसात जाऊन यायचंय: कॅटामरान, रोरो की रस्ता?

माझी मामेबहीण ठाण्याला राहते, तिने परवा फोन करून विचारलं की दादा रविवारी सासूबाई आणि दोन्ही पोरांना घेऊन अलिबाग करायचंय, गेटवेवरून बोट पकडू की गाडी रोरोत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या जहाजात, टाकू की सरळ रस्त्याने जाऊ. मी तिला उलट विचारलं, रविवारी तिथी कुठली आहे? तिला वाटलं मी मुहूर्त बघतोय.

पण खरंच सांगतो, अलिबागचा एक दिवस तिथीवर चालतो. अलिबागच्या किनाऱ्यासमोरचा कुलाबा किल्ला भर समुद्रात आहे, ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येतं, भरतीला मध्ये पाणीच पाणी. आणि लोक काय करतात, बोटीचं तिकीट आधी काढतात, दुपारी एक वाजता किनाऱ्यावर पोचतात आणि समोर लाटा बघत उभे राहतात. म्हणून आधी ओहोटी कधी ते काढा, मग ठरवा कशाने जायचं.

ओहोटी काढायची जुनी रीत आमच्याकडे लहानपणापासून सगळ्यांना पाठ, तिथीला पाऊणने गुणायचं. जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. म्हणजे एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, सकाळी सव्वाआठला भरती आणि दुपारी सव्वादोनच्या सुमाराला ओहोटी. चतुर्थीला तीनची भरती, नऊला ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी, ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, आणि मोबाईलवर भरती-ओहोटीचं टेबल मिळतंच, ते पण बघून घ्या. अजून एक, अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराला येते म्हणून सोयीची वाटते पण तेव्हा भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरतीही कमी आणि ओहोटीही कमी, वाट नीट उघडी पडत नाही, गुडघाभर पाण्यातून जावं लागू शकतं. एका दिवसाच्या ट्रिपला माझ्या मते दशमी ते द्वादशी सगळ्यात बेस्ट, कुठल्याही पक्षातली.

आता गेटवेची बोट. गेटवे ऑफ इंडियावरून अलिबागच्या अलीकडच्या मांडवा बंदराला कॅटामरान, म्हणजे जोडतळाच्या मोठ्या बोटी, आणि साध्या लाँच जातात, पीएनपी, मालदार, अजंठा अशा दोन-तीन कंपन्या आहेत. तासाभरात मांडवा. पाण्यावरून ताज आणि गेटवे मागे जाताना बघणं, उजवीकडे उघडा समुद्र, डावीकडे न्हावाशेव्याच्या क्रेना, थंडीत बोटीमागे सीगलचा थवा, हे सगळं मी शंभर वेळा तरी बघितलं असेल पण अजूनही वरच्या डेकवरच बसतो. फक्त त्या पक्ष्यांना गाठ्या-चिप्स टाकू नका हो, ते त्यांचं खाणं नाही. तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस असते, वीसेक किलोमीटर, पाऊण तास, आणि ही सोय फार मोठी आहे, कारण एकट्या माणसाला किंवा दोघातिघांना ह्याहून स्वस्त आणि सुटसुटीत दुसरं काही नाही. परतताना ज्या कंपनीच्या बोटीने यायचंय तिचीच बस पकडायची, आणि ती बस बोटीच्या तासभर आधी अलिबागहून सुटते. शेवटची बोट संध्याकाळीच जाते, तेव्हा उतरल्या उतरल्या बसवाल्याला शेवटच्या बसची वेळ विचारून ठेवा, हे विसरू नका.

कमतरता दोन. गेटवेच्या धक्क्यावर पायऱ्या उतरून हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो, कधी एका बोटीतून दुसऱ्या बोटीत जावं लागतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते नको वाटतं. दुसरं म्हणजे दुपारनंतर वारा सुटतो, परतीला बोट जास्त हलते, ज्यांना बोट लागते त्यांनी जेवण हलकं घ्या आणि बोटीच्या मध्यावर खाली बसा, टोकाला नको. आणि लाइफ जॅकेट. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि किती माणसं गेली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. गरम होतं, फोटोत वाईट दिसतं, काही असो, घालायचंच, आणि पोरांच्या मापाचं आहे का ते बोट सुटायच्या आधी मागून घ्या.

पावसाळ्यात, म्हणजे साधारण जून ते ऑगस्ट, गेटवेच्या ह्या बोटी बंद असतात.

रोरो २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली, भाऊच्या धक्क्यावरून मांडवा. मोठं जहाज आहे, गाड्या खाली आणि माणसं वर, हलतं फारच कमी, वयस्कर माणसांना आणि लहान बाळ असलेल्यांना हेच. माणशी तिकीट कॅटामरानपेक्षा बरंच जास्त आणि गाडीचे पैसे वेगळे, पण गाडीत चौघं-पाचजण असाल तर पेट्रोल, टोल आणि रस्त्यातले तास वाचतात, तो हिशोब आपापला करून बघा. शनिवार-रविवारचं बुकिंग आधी करावं लागतं, आयत्या वेळी गाडीला जागा मिळत नाही, आणि गाडी घेऊन निदान पाऊण तास आधी पोचा. भाऊच्या धक्क्याला सकाळी मासळीचा बाजार भरलेला असतो, वास येणार, ज्यांना चालत नाही त्यांनी काच बंद ठेवा, मला स्वतःला तो बाजार बघायला आवडतो. निघताना माझगाव डॉक आणि नौदलाची जहाजं अगदी जवळून दिसतात पण त्यांचे फोटो काढायचे नाहीत. पावसाळ्यातही रोरो चालते, समुद्र खूप खवळला तर फेरी रद्द होते.

गाडी नसेल तर मात्र रोरोला अर्थ नाही. मांडव्याला उतरून पुढे रिक्षा करावी लागते, ती स्वस्त नाही, आणि बसची सोय गेटवेवाल्यांसारखी तिकिटात नाही.

गाडी असेल तर अलिबागच्या पुढचं जग उघडतं, रोरोचा खरा फायदा तो. आक्षीचा शिलालेख बघून या, शके ९३४ म्हणजे इसवी सन १०१२ चा, मराठीतला सगळ्यात जुना म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, आणि अलिबागपासून पाच-सहा किलोमीटरवर असून किनाऱ्यावर मजा करायला आलेले शंभरातले नव्वद लोक त्याच्याजवळून निघून जातात. मराठी म्हणवतो ना आपण, मग दहा मिनिटं तिथे थांबलंच पाहिजे. पुढे नागाव, रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, अजून पुढे कोर्लई. पण एका दिवसात किल्ला, आक्षी आणि जेवण एवढंच धरा, कोर्लईपर्यंत ताणलं तर परतीची फेरी चुकेल.

रस्त्याचं थोडक्यात सांगतो. पुणेकरांनी रस्त्यानेच यावं, खोपोली-पेण-वडखळ करत, त्यांना मुंबईत येऊन बोट पकडण्यात काही हशील नाही. नवी मुंबई-पनवेलवाल्यांनीही रस्ताच, पनवेलहून एसटी पण आहे. मुंबईहून १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाल्यापासून शिवडीहून पलीकडे पटकन उतरता येतं, टोल आहे, पण पुढे वडखळ आणि पोयनाडपाशी सुट्टीच्या दिवशी गाड्या तुंबतात आणि रविवारी संध्याकाळी परतताना कार्ले खिंडीपासूनच रांग लागते. मला हा रस्ता फक्त एका वेळी पटतो, ओहोटी संध्याकाळी असेल तेव्हा. पौर्णिमेच्या आसपास किल्ला बघायचाच असेल तर शेवटच्या बोटीत आणि किल्ल्यात एकच काहीतरी मिळतं, स्वतःची गाडी असली की अंधार पडल्यावर निघता येतं.

किल्ल्यासाठी एवढा जीव का टाकतोय असं वाटेल. शिवाजी महाराजांनी शेवटच्या वर्षांत बांधायला घेतलेला, पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथून आरमार चालवलं, आणि मोठमोठे दगड चुना न भरता नुसते रचलेत, लाटेचं पाणी फटीतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो, म्हणून तट अजून उभा. आत गणपतीचं देऊळ आहे आणि गोड्या पाण्याचं पुष्करणी तळं, चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये हे. कान्होजी गेले १७२९ मध्ये, समाधी गावातच आहे, एसटी स्टँडपासून चालत.

पण आत रमू नका. दोन वर्षांपूर्वी आम्ही तटावर बसून गप्पा मारत राहिलो, घोडागाडीवाला हाका मारून गेला तरी उठलो नाही, आणि उतरलो तर वाट मांडीपर्यंत पाण्यात, माझ्या भाचीला खांद्यावर घेऊन यावं लागलं आणि ती वाटभर रडत होती. तेव्हापासून नियम, पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी आत आणि ओहोटीनंतर तासाभरात बाहेर. किनाऱ्यावरचे कोळी आणि गाडीवाले सांगतील ते ऐका, तुमच्या मोबाईलपेक्षा त्यांना जास्त कळतं.

जेवायला मासे, अर्थातच. जिताडा मिळाला तर सोडू नका, सुरमई-बांगडा मुंबईतही मिळतो. मार्च-एप्रिलमध्ये आलात तर पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याच्या कडेला टांगलेल्या दिसतील, त्याला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, गोडसर असतो, नुसता भाकरीबरोबर खा. पण आता पांढरा कांदा म्हणून दुसरीकडचा मालही खपवतात, त्यामुळे शक्यतो खंडाळे-कार्ले भागात शेतकऱ्याकडूनच घ्या, वेणीसारखी विणलेली माळ घ्या, आणि इथेही गाडी असेल तरच दोन-चार माळा नेता येतात, कॅटामरानच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसावं लागतं.

तर बहिणीच्या रविवारी दशमी निघाली. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे ओहोटी दुपारी दीडच्या सुमाराला. सासूबाईंचे गुडघे आणि ठाण्याहून ईस्टर्न फ्रीवेने भाऊचा धक्का सरळ, म्हणून तिला रोरो सांगितली, सकाळची फेरी, साडेदहाच्या आत आक्षी, साडेबाराला घोडागाडीने किल्ला, अडीचच्या आत परत किनाऱ्यावर, मग जेवण. पोरांना भूक लागेल म्हणून डब्यात घावन-चटणी घे म्हटलं. तीच जर दोघंच नवरा-बायको असते तर बिनधास्त गेटवेवर जा म्हणालो असतो, वरच्या डेकवर.