सिक्वेन्सिंग सर्व्हिस: मेटाजिनोमला 5 स्टार, सिंगल सेलला अडीच

तळ्याच्या गाळाचे 6 सॅम्पल सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनए वाचून घ्यायला दिले होते, मेटाजिनोमसाठी (सगळ्या जीवांचा डीएनए एकत्र वाचायचा) पण आणि सिंगल सेलसाठी (एकेक पेशी वेगळी करून वाचायची) पण. मेटाजिनोमचं काम एक नंबर. बीड बीटिंग करून (बारीक मण्यांसोबत जोरात हलवून पेशी फोडून) डीएनए काढला त्यामुळे जाड भिंतीचे बॅक्टेरियाही निसटले नाहीत, आणि जे लॅबच्या प्लेटवर वाढायचं नावच घेत नाहीत त्यांचे जिनोमसुद्धा बिनिंग करून (एकाच जीवाचे वाटणारे डीएनएचे तुकडे एका गटात, म्हणजे बिनमध्ये टाकून) हातात आले. पण एक बिन म्हणजे एक जीव नाही हां, जवळच्या स्ट्रेन्सची (एकाच जातीच्या उपप्रकारांची) खिचडी असते ती, म्हणून तर सिंगल सेल लावलं.

तिथे मात्र डोक्याला ताप. एका पेशीत डीएनए असतो जेमतेम काही फेम्टोग्रॅम (नॅनोग्रॅमचा दहा लाखावा भाग), तो फाय29 या डीएनएच्या प्रती काढणाऱ्या एन्झाइमने वाढवायचा, त्यात काही भाग बदाबदा वाढतात आणि काही गायबच होतात, हे मान्य, त्यांचा दोष नाही. पण निगेटिव्ह कंट्रोलचा (पेशी न घालता चालवलेल्या रिकाम्या ट्यूबचा) डेटा मिळवायला तीन मेल करावे लागले आणि आला तेव्हा त्यात चक्क माणसाचा डीएनए! हे आधी नको सांगायला? सपोर्टवाली मुलगी मात्र भारी, कुठली पेशी कुठल्या बिनशी जुळते ते फोनवर शांतपणे समजावलं. पुढच्या वेळी रिकामी ट्यूब मी स्वतःच सॅम्पलमध्ये घुसवून पाठवणार.