विधेयकांवर नजर ठेवणारी सेवा : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, सिॲटलपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका लहान फायर डिस्ट्रिक्टची मी अर्धवेळ सचिव आहे. राज्याची राजधानी ऑलिंपिया येथील विधिमंडळात आमच्यावर परिणाम करणारे काय शिजते आहे, याची नोंद ठेवून ती दर महिन्याला मंडळापुढे मांडणे हे माझ्याकडे असलेले एक काम. त्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये आम्ही एका सशुल्क सेवेची वर्षभराची वर्गणी भरली. सेवेचे नाव मी देत नाही, कारण मला कोणाशी भांडण काढायचे नाही. अशी सेवा घ्यावी का आणि घेतली तर ती कशी वापरावी, हे ठरवणाऱ्याच्या उपयोगी पडावे, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

महाराष्ट्रात अग्निशमन दल म्हणजे महानगरपालिकेचे किंवा नगरपरिषदेचे एक खाते, आणि त्याचा खर्च तिच्याच अंदाजपत्रकात असतो. इकडे शहरांच्या हद्दीबाहेर फायर डिस्ट्रिक्ट ही स्वतंत्र स्थानिक संस्था असते. राज्याच्या कायदासंहितेच्या ५२व्या शीर्षकाखाली ती स्थापन होते, सहसा तीन किंवा पाच निवडून आलेल्या कमिशनरांचे मंडळ सहा वर्षांच्या मुदतीने तिचा कारभार पाहते, आणि मालमत्ता कर ती स्वतःच्या नावाने आकारते. त्या कराला मूल्यांकनाच्या दर हजार डॉलरमागे दीड डॉलरची मर्यादा आहे. रुग्णवाहिका व आपत्कालीन वैद्यकीय सेवेसाठी मतदारांच्या संमतीने आणखी ५० सेंटपर्यंत वेगळी लेव्ही, म्हणजे करआकारणी, घेता येते. या सगळ्यावर १ टक्क्याची आणखी एक मर्यादा बसलेली आहे. नवीन बांधकाम वगळता, एकूण करवसुली मागच्या वर्षाहून १ टक्क्यापेक्षा जास्त वाढवायची असेल, तर मतदारांपुढे जावे लागते. २००१ च्या, मतदारांनी थेट मंजूर केलेल्या ७४७ क्रमांकाच्या जनप्रस्तावाने ही मर्यादा आली, २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो प्रस्ताव रद्द केला, आणि त्याच वर्षी विशेष अधिवेशन भरवून विधिमंडळाने मर्यादा जशीच्या तशी परत आणली. ज्या डिस्ट्रिक्टची वसुली २० लाख डॉलर आहे, तिला वर्षाला २० हजार डॉलरची वाढ मिळते. तेवढ्यात पगारवाढ, डिझेल, श्वसनसाधनांची तपासणी आणि बंबाची दुरुस्ती बसवायची असते. कायद्यातली ती १ टक्क्याची ओळ बदलली, तर आमचे पुढच्या दहा वर्षांचे गणित बदलते.

आता सेवेविषयी. पहिल्या दिवशी तिने मला शोधशब्द विचारले. मी भाबडेपणाने ‘फायर’ हा शब्द दिला आणि शब्दाचा आरंभ जुळला तरी चालेल असा पर्याय ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी जी यादी आली, तिच्यात अर्ध्याहून अधिक विधेयके बंदुकांची होती, कारण इंग्रजीत बंदुकीचा कायदेशीर शब्दही ‘फायर’नेच सुरू होतो, आणि त्या अधिवेशनात बंदूक खरेदीच्या परवान्याचे विधेयक गाजत होते. त्याखाली शोभेच्या दारूची विधेयके. आमच्या कामाची दोन होती, ती तळाशी. हा दोष माझाच होता, आणि पर्याय बदलल्यावर तो दुरुस्तही झाला. पण ज्या सेवेच्या मुखपृष्ठावर ‘स्थानिक संस्थांसाठी खास’ असे लिहिलेले आहे, तिने एवढे आधीच सांभाळायला हवे होते, असे मला आजही वाटते.

खरा धडा मिळाला तो याच्या उलट दिशेने. नको ते आले तर डोळे शिणतात, पण हवे ते आलेच नाही तर ते आले नाही हेदेखील कळत नाही. २०२५ चे अधिवेशन १३ जानेवारी ते २७ एप्रिल असे १०५ दिवस चालले. १ टक्क्याची मर्यादा सैल करणारे विधेयक प्रतिनिधिगृहात होते, क्रमांक १३३४, आणि त्याची चर्चा सगळीकडे असल्याने ते माझ्या यादीत मी हाताने घातलेले होते. सेवेने मात्र ते स्वतःहून दाखवले नव्हते. त्याच्या शीर्षकात मालमत्ता कराच्या वाढीची मर्यादा असे शब्द आहेत, आगीचा किंवा डिस्ट्रिक्टचा उल्लेख नाही. एवढे मी समजून घेतले. मग अधिवेशनाच्या उत्तरार्धात एके दिवशी शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या सचिवांचा फोन आला आणि त्यांनी सहज विचारले, “२०४९ वाचलंत ना?” मी वाचले नव्हते. ते विधेयक शालेय शिक्षणाच्या निधीचे होते. त्याचे शीर्षक राज्याच्या सर्वोच्च कर्तव्याविषयी बोलत होते, आणि वॉशिंग्टनच्या राज्यघटनेत सर्वोच्च कर्तव्य म्हणजे मुलांचे शिक्षण. त्या विधेयकाच्या पोटात, कर-मर्यादेच्या कलमात, आमची ओळ बसलेली होती : वाढीची मर्यादा लोकसंख्या आणि महागाई यांच्या वाढीशी जोडायची आणि कमाल ३ टक्क्यांपर्यंत न्यायची. अधिवेशन संपण्याआधी ती ओळ काढून टाकली गेली, आणि मे महिन्यात राज्यपालांची सही झाली ती तिच्याविना. म्हणजे आमच्या दृष्टीने वर्षातली सर्वांत महत्त्वाची ओळ आली, गेली, आणि आम्ही ज्या सेवेला पैसे देतो तिने दोन्ही वेळा तोंड उघडले नाही.

यावर सेवेच्या मदतकक्षाला मी पत्र पाठवले. उत्तर नम्र होते आणि त्याचा आशय असा की शोधशब्दांची निवड ग्राहकाची असते. ते खोटे नाही. मात्र त्या उत्तरानंतर मी एक संपूर्ण शनिवार खर्च करून सगळे शोधशब्द पुसले आणि त्यांच्या जागी कायदासंहितेतील प्रकरणांचे आणि कलमांचे क्रमांक भरले. वॉशिंग्टनमध्ये जवळजवळ प्रत्येक विधेयक कोणत्या ना कोणत्या विद्यमान कलमात दुरुस्ती करते आणि ते कलम विधेयकाच्या मथळ्यातच नोंदलेले असते. म्हणून विषय कोणत्याही नावाखाली लपलेला असो, कलम लपत नाही. माझी यादी आज अशी आहे : ५२वे शीर्षक संपूर्ण, ८४.५२ आणि ८४.५५, म्हणजे लेव्ही आणि तिची वाढ, ४१.२४, स्वयंसेवक अग्निशामकांचे निवृत्तिवेतन, ४१.२६, पोलीस व पगारी अग्निशामकांची निवृत्तियोजना, ५१.३२.१८५, अग्निशामकाला होणारे ठरावीक आजार कामामुळेच झाले असे गृहीत धरणारे कलम, ४२.३० आणि ४२.५६, खुल्या सभा आणि सार्वजनिक नोंदी, आणि ३९.११४. या शेवटच्याविषयी दोन वाक्ये हवीत. २०२१ च्या कायद्याने शहरे, कौंटी आणि बंदरे यांना एखादे क्षेत्र आखून तेथील वाढीव करउत्पन्न आपल्या विकासकामांकडे वळवण्याची मुभा दिली, आणि फायर डिस्ट्रिक्टच्या २० टक्के किंवा अधिक मूल्यांकनावर परिणाम होत असेल तर त्याची भरपाई कशी करायची याची योजना आखणे बंधनकारक केले. त्या २०च्या आकड्याला किंवा त्या शर्तीला कोणी हात लावला, तर शीर्षकात ‘आर्थिक विकास’ असे छान शब्द असतील आणि फायर शब्दावर नजर ठेवणारा सुखाने झोपलेला असेल.

क्रमांक भरल्यावर सेवेचे रूपच पालटले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सूचना कमी आल्या आणि आलेल्या बहुतेक उघडून पाहण्याच्या होत्या. विशेषतः दोन मसुदे शेजारी ठेवून फरक रंगवून दाखवण्याची सोय उत्तम आहे. इथे विधेयक समितीतून बाहेर पडते तेव्हा अनेकदा त्याच्या जागी पर्यायी मसुदा आलेला असतो, सभागृहात त्यात दुरुस्त्या शिवल्या जातात, आणि क्रमांकाच्या आधी अक्षरे चढत जातात. अठ्ठावीस पानांच्या मसुद्यात ‘करू शकेल’चे ‘करील’ कोठे झाले, ते डोळ्यांनी शोधण्यात माझी संध्याकाळ जात असे. आता ते मिनिटभराचे काम आहे. आमच्या एका सभेत, बंबाच्या खोलीशेजारच्या टेबलावर, मी तो रंगवलेला कागद ठेवला तेव्हा सर्वांत जुन्या कमिशनरांनी चष्मा कपाळावर सारून तो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, “म्हणजे हा एक शब्द आपल्याला महागात पडणार.” मंडळाला इतक्या लवकर मुद्द्यावर आलेले मी क्वचितच पाहिले आहे.

वेळेच्या बाबतीत मात्र सेवा कच्ची आहे. समितीपुढील सुनावणीत बाजूने किंवा विरोधात नाव नोंदवायचे तर सुनावणी सुरू होण्याच्या एक तास आधीपर्यंतच मुभा असते. सुनावणी सकाळी आठची, नोंदणी सातला बंद, आणि सेवेचा रोजचा गोषवारा माझ्या पेटीत पडला सव्वासातला. लेखी म्हणणे सुनावणी सुरू झाल्यापासून २४ तासांपर्यंत पाठवता येते, म्हणून ते पाठवले आणि निभावले. पण नावांच्या यादीत आमचे डिस्ट्रिक्ट नव्हते ते नव्हतेच. तत्काळ सूचनांची सोय आहे, ती वरच्या वर्गणीत. तेव्हापासून अधिवेशनाच्या काळात समित्यांचे वेळापत्रक मी रोज रात्री विधिमंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहते. ते मोफत आहे, आणि विधेयकाचा इतिहास, समितीचा अहवाल, मतदान, खर्चाचे टिपण हे सर्व तेथे एकाच पानावर असते. स्थानिक संस्थांवरील खर्चाचे टिपण राज्याच्या वाणिज्य विभागातले एक पथक तयार करते. कित्येकदा त्यात ‘निश्चित सांगता येत नाही’ एवढेच येते, पण का सांगता येत नाही याची कारणे वाचण्यासारखी असतात आणि आपला आकडा आपण कसा काढावा हे त्यातूनच समजते. सेवा त्या टिपणाचा नुसता दुवा देते.

आणखी एक तक्रार. २७ एप्रिलनंतर सेवेने मंजूर न झालेल्या सगळ्या विधेयकांपुढे लाल अक्षरांत ‘नामंजूर’ असा शिक्का मारला. मेच्या सभेत मी तोच शिक्का वाचून दाखवला आणि १३३४ संपले असे सांगितले. ते चूक होते. वॉशिंग्टनचे विधिमंडळ दोन वर्षांच्या कालखंडाने चालते. विषम वर्षात १०५ दिवस, सम वर्षात ६० दिवस, आणि पहिल्या वर्षी अडकलेले विधेयक दुसऱ्या वर्षी पुन्हा पटावर येऊ शकते. जूनच्या सभेत मला माझे विधान मागे घेऊन इतिवृत्तात दुरुस्ती नोंदवावी लागली. सचिवाला स्वतःच्याच इतिवृत्तात स्वतःची चूक लिहावी लागते, तेव्हा हात जरा अडखळतो. शिक्का अजून तसाच आहे.

वर्गणीचे नूतनीकरण डिसेंबर २०२५ मध्ये करायचे होते. मंडळाला मी सर्वांत खालच्या वर्गणीची शिफारस केली, कारण मसुद्यांची तुलना आणि कलमांवरून शोध या दोन्ही सोयी तिच्यातही आहेत आणि बाकीचे आम्हाला फुकट मिळते. मंडळाने ती मान्य केली. ज्या डिस्ट्रिक्टकडे अर्धवेळसुद्धा माणूस नाही, त्यांनी ही सेवा घेऊ नये असे माझे मत आहे, कारण तिच्या सूचना वाचायला कोणीतरी लागतेच. पाचपैकी तीन तारे. त्यानंतरचे ६० दिवसांचे अधिवेशन १२ जानेवारी २०२६ ला सुरू होणार होते, पण विधेयके आधी दाखल करण्याची मुभा डिसेंबरच्या पहिल्या सोमवारपासूनच असते. त्या सोमवारी संध्याकाळी मी सेवेची यादी आणि विधिमंडळाची यादी शेजारी उघडून क्रमांक जुळवले, आणि जे एकीकडे होते पण दुसरीकडे नव्हते त्यांवर पेन्सिलीने खूण केली.