तालुक्याचं पोलीस ठाणं: एक तारा इमारतीला, शून्य नव्या इमारतीच्या कारभाराला

घाटाच्या पायथ्याला, पावसाचा मार खाणाऱ्या एका तालुक्याचं हे ठाणं. गावाचं नाव मुद्दाम टाळलंय. तक्रार भिंतींची आणि फायलींची आहे, तिथे बारा-बारा तास ड्युटी करणाऱ्यांची नाही. नाव छापलं की खुलासा मात्र त्यांनाच द्यावा लागतो. माणसांना चार तारे द्यायला हरकत नाही. बाकीचं, म्हणजे जुनी इमारत आणि याच आवारात व्हायची पण अडलेली नवी इमारत, खाली.

इमारत दोन तुकड्यांत आहे. पुढचा भाग जुना: दगड-चुन्याच्या दीड-दोन फुटी भिंती, सागवानी कैच्या, वर मंगळुरी कौलं. मागे बऱ्याच नंतर जोडलेला स्लॅबचा भाग. लॉकअप, मुद्देमाल खोली आणि संगणक कक्ष त्यात आहेत. बाहेरून येणारा प्रत्येक जण कौलांकडे बोट दाखवून 'हे पाडायला हवं' म्हणतो. उलटं आहे. कौलारू भागाचं दुखणं वाशा-रिपांना लागलेली वाळवी, फुटकी कौलं आणि पन्हळीत साठलेला पाला एवढंच. मे महिन्यात कौलं चाळून, कुजके वासे बदलून घेतले तर तो भाग आणखी बरीच वर्षं काढेल. कौलं चाळणारी माणसं मिळत नाहीत आणि त्या कामाचा दर सरकारी दरसूचीत परवडत नाही, म्हणून वर ताडपत्री येते. ताडपत्रीने हवा कोंडते, लाकूड आणखी कुजतं.

धोका मागच्या स्लॅबचा आहे. लॉकअपसमोरच्या पडवीत छताचा पोपडा सुटून सळया उघड्या पडल्यात. सळई गंजली की फुगते, लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते, म्हणून काँक्रीट आतून ढकललं जातं. वरून गिलावा मारून हे थांबत नाही, चार-सहा महिन्यांत तोच गिलावा खाली येतो. त्यात गळती थांबवायची म्हणून गच्चीवर दर काही वर्षांनी जुन्या कोब्यावर नवा विटांचा कोबा घातलेला दिसतो. चार इंची कोबा म्हणजे दर चौरस मीटरला साधारण २०० किलो. माणसं वावरतील अशा गच्चीवर वापराचा भार धरतात १५० किलो. म्हणजे एकेका थराने त्याहून जास्त वजन त्या गंजलेल्या सळयांवर कायमचं चढतं. दुरुस्ती म्हणून केलेलं काम इमारतीच्या छातीवर बसलंय. संरचनात्मक तपासणी करायची तर नुसता हातोडा ठोकून आकडा लिहू नये. कोअर, म्हणजे काँक्रीटचा आतपर्यंतचा नळकांड्यासारखा नमुना काढावा, सळईभोवतीच्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण टाकून बघावं. गुलाबी झालं नाही तर त्या काँक्रीटमधला अल्कलीपणा संपलाय आणि सळईचं संरक्षणही. असा अहवाल हातात असला की नव्या इमारतीच्या प्रस्तावावर येणारा 'दुरुस्ती करून बघा' हा शेरा टळतो.

आता आतली सेवा. ठाणे अंमलदाराचं टेबल दारातच आहे, ही चांगली गोष्ट. आत शिरल्यावर कुणाला विचारायचं हा प्रश्न पडत नाही. फिर्याद लिहून घेतात, वाचून दाखवतात, एफआयआरची प्रत विनामूल्य देतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे ती द्यावीच लागते, हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी तक्रार घ्यावी लागते, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पाठवलेल्या माहितीवर तीन दिवसांत येऊन सही करता येते. हे सगळं इथे होतं. अडतं ते जागेवर. महिला तक्रारदाराला बसवायला स्वतंत्र खोली नाही. महिला कक्ष म्हणजे कपाटं आडवी लावून केलेला कोपरा. पलीकडे बोललेला शब्दन्‌शब्द इकडे बाकावर बसलेल्या नातेवाइकांना ऐकू येतो, मग बाई अर्धंच सांगते आणि तपास त्या अर्ध्यावर चालतो. महिला आरोपीला ठेवायला वेगळं लॉकअप नाही, त्यामुळे शेजारच्या ठाण्यात नेणं-आणणं आलं: एक गाडी, महिला अंमलदारासह गार्ड, आणि अटकेपासून २४ तासांत न्यायालयापुढे हजर करायच्या वेळेतून गेलेले दोन-तीन तास.

वायरिंगची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण नव्या कायद्याने ती गंभीर केली. त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण करायचं, ते जपायचं, न्यायालयात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडायचं. हे काम विजेवर आणि इंटरनेटवर चालतं. इथे संगणक, प्रिंटर, वायरलेसचा चार्जर आणि पंखे एकाच जुन्या फेजवर आहेत. भिंत ओली झाली की एमसीबी, म्हणजे वीज आपोआप तोडणारा खटका, पडतो. तो सारखा पडतो म्हणून जास्त ॲम्पिअरचा बसवतात. मग एमसीबी पडत नाही, वायर तापते. सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे नोंदीच्या संगणक प्रणालीवर, नोंद अर्धी राहते आणि फिर्यादी बाहेर 'सर्व्हर डाऊन' ऐकतो. बहुतेक वेळा सर्व्हर ठीक असतो, बोर्डात पाणी गेलेलं असतं.

कॅमेऱ्यांचंही तसंच. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला सांगून ठेवलंय की प्रवेश, मुख्य फाटक, लॉकअप, व्हरांडे, स्वागतकक्ष, अधिकाऱ्यांच्या खोल्या, मागची बाजू, सगळीकडे रात्रीही दिसेल आणि आवाजही येईल असे कॅमेरे हवेत, आणि चित्रण १८ महिने टिकायला हवं. कॅमेरे लागलेत. पण रेकॉर्डिंगचं यंत्र ज्या खोलीत आहे तिच्या कोपऱ्यात जून ते सप्टेंबर बादली असते. हार्ड डिस्क दमट हवेत किती तग धरते हे वेगळं सांगायला नको.

मुद्देमालाबद्दल थोडं सविस्तर, कारण नव्या इमारतीचं घोडं पहिल्यांदा इथेच अडतं. आवारात जप्तीच्या आणि बेवारस दुचाकी एकमेकींवर पडल्यात, त्यांतून रानवेल वाढलीय. नवी इमारत याच आवारात व्हायची आहे. खड्डा मारायला जागा हवी तर गाड्या हलवायला हव्यात, आणि गाडी हलवणं म्हणजे क्रेन बोलावणं नव्हे. प्रत्येक गाडीला गुन्हा क्रमांक आहे, प्रत्येकीच्या निर्गतीला न्यायालयाचा आदेश लागतो. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच म्हटलंय की वाहनं ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्यापेक्षा जास्त पडून राहू नयेत. फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन परत द्यावीत. नव्या संहितेच्या कलम ४९७ ने तर मुदतच घातली: मालमत्ता न्यायालयापुढे आल्यावर १४ दिवसांत तिचं विवरण आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. प्रत्यक्षात मुद्देमाल कारकून एकटा, त्याच्याकडे समन्स-वॉरंटचंही काम, आणि अर्ज एकेक करून जातात. चेसिस क्रमांक गंजून पुसला गेला असेल तर मालक शोधणं आणखी लांबतं. पावसाळ्याआधी पंचवीस-तीस प्रकरणांचे अर्ज एकत्र टाइप करून सरकारी वकिलांमार्फत लावून घेणारा कारकून मिळाला, तर आवार वर्षभरात मोकळं होऊ शकतं. तसा मिळेपर्यंत साहेबांची बदली होते आणि नवे साहेब यादी पहिल्यापासून मागवतात.

मग कागद. 'सरकारकडे पैसे नाहीत' हे उत्तर अर्धंच खरं आहे. पोलीस दल आधुनिकीकरणाच्या केंद्रीय योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्र ६० आणि राज्य ४० असा वाटा असतो. राज्याच्या अर्थसंकल्पात पोलिसांच्या भांडवली खर्चाचं ४०५५ हे स्वतंत्र मुख्य शीर्ष आहे. पैसा कमी पडतो, पण तो आला तरी ज्या ठाण्याची जागा आणि कागद तयार नाहीत तिथे तो खर्च होत नाही आणि ३१ मार्चला परत जातो. या ठाण्याचं दुखणं तीन कागदांत आहे.

पहिला सातबारा. ठाणं इतकी वर्षं तिथेच आहे म्हणून जागा पोलिसांची, असं सगळे धरून चालतात. उतारा काढला की कब्जेदार सदरात नुसतं 'महाराष्ट्र शासन' किंवा 'सरकार' निघतं, गृह विभागाचं नाव नाही. मग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी, मोजणी, अतिक्रमण असेल तर त्याचा अहवाल, आगाऊ ताबा, आणि शेवटी नाव लागणं. मोजणीत शेजारच्या टपरीची भिंत चार फूट आत निघाली की फाईल तिथेच बसते.

दुसरा निर्लेखनाचा आदेश. सरकारी इमारत जुनी झाली म्हणून पाडता येत नाही, ती आधी कागदावरून उतरवावी लागते. प्रस्तावात बांधकामाचं वर्ष, मूळ खर्च, आजची अवस्था, निघणाऱ्या लाकूड-कौलं-दगडाची किंमत असं सगळं लागतं. इंग्रजी अमदानीतल्या इमारतीचा मूळ खर्च कुठल्या नोंदवहीत आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि त्या एका रिकाम्या रकान्यासाठी प्रस्ताव 'त्रुटी पूर्ततेस्तव परत' येतो. जुनी इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नोंदीत आणि नवी बांधणार पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळ, अशी विभागणी असली तर पत्रव्यवहार दुप्पट. सोपा उपाय असा की फक्त स्लॅबच्या भागाचं निर्लेखन मागावं आणि दगडी भाग दुरुस्त करून स्वागतकक्ष म्हणून ठेवावा. कागद कमी लागतील आणि तालुक्याचा एक चांगला वाडाही वाचेल. पण अशा प्रस्तावात फोटो मोठा येत नाही.

तिसरा तात्पुरत्या जागेचा. बांधकाम चालू असताना ठाणं कुठे चालवायचं, हे अंदाजपत्रकात धरलेलंच नसतं. कार्यालय भाड्याच्या घरात चालेल. लॉकअप चालणार नाही, शस्त्रं तर नाहीच. ती मुख्यालयात किंवा जवळच्या ठाण्यात हलवायची, आरोपी रोज ने-आण करायचे, म्हणजे डिझेल आणि मनुष्यबळ. हे आधी मंजूर करून घेतलं नाही तर ठेकेदार कार्यारंभ आदेश घेऊन उभा आणि ठाणं जागेवरच, अशी गंमत होते.

हे तीन कागद होण्याआधीच अंदाजपत्रक करण्याची घाई नडते. क्रम खरा असा: नकाशा, ढोबळ अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, सविस्तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, ई-निविदा, कार्यारंभ आदेश. जागेमुळे मधे दोन वर्षं गेली की दरसूची बदलते, आकडा फुगतो आणि सुधारित प्रशासकीय मान्यतेसाठी फाईल पुन्हा मंत्रालयाच्या पायऱ्या चढते. करही बदलतो. १८ जुलै २०२२ ला सरकारी बांधकाम कंत्राटांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. पाच कोटींच्या कामावर एका दिवसात ३० लाख वाढले. मधेच आचारसंहिता लागली तर निविदा उघडून पडून राहते. आणि चाचणी खड्डे न घेता दीड मीटरवर मुरूम धरला असेल, तर खोदल्यावर काळी माती लागते, पायाची 'जादा बाब' निघते आणि काम जोत्यावर थांबतं.

इमारत झाली म्हणजे संपलं असंही नाही. फर्निचर, नेटवर्किंग, वायरलेसचा खांब, महावितरणचा वाढीव भार आणि पाण्याची जोडणी यांचे पैसे त्याच अंदाजपत्रकात धरलेत का, हे पहिल्या दिवशी बघावं. नसतील तर रंग दिलेली इमारत कुलपात राहते. दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे बांधकामातले दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत, मात्र काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यापासून मोजला जातो, राहायला गेल्यापासून नाही. उद्घाटनाच्या तारखेची वाट बघण्यात त्यातला एक पावसाळा गेला, तर गळती कळायच्या आत ठेकेदार मोकळा होतो.

पाठपुरावा करणाऱ्यांनी 'नवी इमारत कधी होणार' असा माहिती अधिकाराचा अर्ज टाकू नये. 'प्रक्रिया सुरू आहे' हेच उत्तर येईल. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्द आणि एक विषय अशी मर्यादा आहे, म्हणून दोन वेगळे अर्ज करावेत, प्रत्येकी १० रुपयांचे. एक तहसील कार्यालयाकडे: जागा मागणीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला आला, आज कोणाच्या टेबलावर आहे, टिपणीची प्रत. दुसरा बांधकाम उपविभागाकडे: निर्लेखन प्रस्तावातल्या त्रुटी आणि पूर्ततेच्या तारखा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर २० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून पहिलं अपील. टेबल आणि तारीख विचारली की फाईल हलते, असा बऱ्याच ठिकाणचा अनुभव आहे.

कामासाठी जाणार असाल तर: कागदपत्र हरवल्याची नोंद महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर घरबसल्या होते, त्यासाठी इथे येऊ नका. बाजाराच्या दिवशी आणि गणपती-मोहरमच्या बंदोबस्तात तपासी अधिकारी जागेवर नसतात, बीट अंमलदाराला आधी फोन करा. मुद्देमाल परत घ्यायचा असेल तर न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत, आरसी, विमा आणि ओळखपत्र यांच्या दोन-दोन झेरॉक्स न्या, ठाण्यातलं मशीन ओल धरतं. आणि जून ते सप्टेंबर कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. टेबलाच्या डाव्या कडेला काहीही ठेवू नका, वरचं तिसरं कौल फुटलेलं आहे.