मतदार सेवा पोर्टल : घर बदललेल्यांनी आधी फॉर्म ८ बघा

निवडणूक आयोगाचं हे पोर्टल फुकट आहे आणि कामाचं आहे. नवीन नावासाठी फॉर्म ६. वयाची १८ वर्षं मोजायला आता वर्षात चार तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्जही चालतो.

खरी गोची घर बदललेल्यांची. नाव जुन्या पत्त्यावर, माणूस दुसऱ्या शहरात. मग त्याला आपण 'उदासीन मतदार' म्हणून मोकळे होतो! अशांनी पुन्हा फॉर्म ६ भरू नये, नाव दोन ठिकाणी लागतं. फॉर्म ८ मध्ये 'स्थलांतर' निवडा, नव्या पत्त्याचा पुरावा जोडा, संदर्भ क्रमांक जपून ठेवा. बीएलओ (मतदान केंद्र पातळीवरचे निवडणूक अधिकारी) पडताळणीला येतात तेव्हा दाराला कुलूप असेल, तर अर्ज तिथेच अडकू शकतो. मराठी नावाचं स्पेलिंग आपोआप उमटतं, तेही नीट वाचा. 'शिर्के'चं 'शिरके' व्हायला वेळ लागत नाही.

मतदार ओळखपत्र खिशात असलं तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. उलट, नाव असेल तर आधार, पासपोर्टसारखं मान्य ओळखपत्रही चालतं. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते, त्यामुळे नाव आत्ताच शोधून बघा.